व्हीएम झोपलं, हे कोणाला कळलं?

लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवायला शिकलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, "आत विंडोज चालू होतं आणि मी झाकण लावलं. मग आतलं विंडोजही झोपलं का?" काही दिवसांनी दुसरा प्रश्न येतो, जरा वैतागलेल्या सुरात: "जेवून आलो तर व्हीएमचा पडदा काळा. बटणं दाबली, माऊस हलवला, काही नाही. मेलं की झोपलं?" कंपनीचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तिसरीच काळजी असते. शनिवार-रविवार मशीनवर कोणी काम करत नाही, पण क्लाउडचं भाडं मात्र चालूच राहतं. मग तेवढे दिवस त्याला निजवून ठेवता येणार नाही का?

तिन्ही प्रश्न झोपेचेच आहेत, पण झोप तिन्ही ठिकाणी वेगळी आहे. अशा वेळी एकच गोष्ट आधी विचारावी: हे मशीन थांबलं होतं, हे कोणाला ठाऊक आहे? आतल्याला, बाहेरच्याला, की दोघांनाही? पुढचे बहुतेक घोटाळे या उत्तरातून उलगडतात.

१. एका संगणकात दुसरा

व्हर्च्युअल मशीन, बोलताना व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. ज्या खऱ्या यंत्रावर तो चालतो तो होस्ट, आणि आत बसवलेली ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे गेस्ट. दोघांच्या मधला कारभारी प्रोग्राम म्हणजे हायपरवायझर. व्हीएमवेअर, व्हर्च्युअलबॉक्स, मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही ही त्यातली ओळखीची नावं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २००७ पासून केव्हीएम आहे, आणि त्याच्या जोडीला बहुधा क्यूएमू असतो.

गेस्टच्या समजुतीप्रमाणे त्याच्याकडे स्वतःचा प्रोसेसर आहे, ८ जीबी मेमरी आहे, डिस्क आहे. होस्टच्या बाजूने पाहिलं तर तो एक चालू प्रोग्राम आहे. त्याची मेमरी होस्टच्या मेमरीतला एक तुकडा असतो आणि त्याची डिस्क बऱ्याचदा एक जाडजूड फाइल असते. त्यामुळे होस्ट हवं तेव्हा गेस्टची सगळी मेमरी वाचू शकतो, तिची नक्कल काढून ठेवू शकतो, आणि गेस्टला त्याचा पत्ताही लागत नाही.

२. खऱ्या संगणकाची झोप

आधी साध्या संगणकाचं पाहू. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय नावाचं मानक आणलं. ऑपरेटिंग सिस्टीमने यंत्राच्या विजेचा कारभार कसा पाहायचा, हे त्यात ठरलेलं आहे. त्यात झोपेच्या पायऱ्या आहेत आणि आपल्या कामाच्या दोन.

एस-३ म्हणजे सस्पेंड. प्रोसेसर बंद, पंखा बंद, डिस्क बंद. फक्त मेमरीला वीज चालू. जे उघडं होतं ते सगळं मेमरीत शाबूत राहतं आणि दोन-चार सेकंदांत परत येतं. वीज गेली तर मात्र सगळं गेलं.

एस-४ म्हणजे हायबरनेशन. मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून काढायचा आणि मग यंत्र पूर्ण बंद करायचं. वीज नसली तरी चालतं. उठायला वेळ लागतो, कारण सगळं डिस्कवरून परत वाचावं लागतं.

दोन्हींत ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः तयारी करते. आधी चालू प्रोग्राम गोठवते, मग नेटवर्क कार्डाच्या, ग्राफिक्सच्या, डिस्कच्या ड्रायव्हरला एकेक करून सांगते की आवरून घ्या, आणि शेवटी यंत्राला झोपेचा हुकूम देते. म्हणजे जाताना आपण जातोय हे तिला ठाऊक असतं, आणि उठल्यावर पहिल्यांदा ती घड्याळ पाहते.

३. झोप वेगळी, भूल वेगळी

रात्री झोपलेला माणूस सकाळी उठला की मधे रात्र गेली हे त्याला माहीत असतं. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या माणसाचं तसं नसतं. डॉक्टर आकडे मोजायला सांगतात, सात-आठपर्यंत मोजणी जाते, आणि पुढच्या क्षणी तो विचारतो, "कधी सुरू करणार?" मधले तीन तास त्याच्या हिशोबातच नसतात.

हायपरवायझरमधलं "पॉज" हे बटण म्हणजे अशी भूल. होस्ट गेस्टच्या प्रोसेसरला वेळ देणंच थांबवतो. कुठल्या ड्रायव्हरला निरोप नाही, कुठल्या प्रोग्रामला इशारा नाही. एखादं वाक्य टाइप होत असताना अक्षराच्या मधोमधसुद्धा थांबवता येतं. लिनक्सच्या लिबव्हर्ट या व्यवस्थेत याच क्रियेला "सस्पेंड" म्हणतात, आणि नवखे लोक हमखास इथे फसतात. होस्टवर सस्पेंडचा हुकूम दिला म्हणून गेस्ट एस-३ मध्ये जात नाही. तो नुसता थबकतो, आणि त्याची मेमरी होस्टच्या मेमरीत जागा अडवून बसून राहते.

याच्या पुढची पायरी "सेव्ह". यात गेस्ट थांबवून त्याची मेमरी आणि आभासी उपकरणांची अवस्था होस्टच्या डिस्कवर एका फाइलीत लिहितात आणि प्रोग्राम बंद करतात. व्हर्च्युअलबॉक्स खिडकी बंद करताना "मशीनची स्थिती जतन करू का" असं विचारतं, ते हेच. बाहेरून पाहणाऱ्याला हे हायबरनेशनच वाटेल. आतल्याच्या दृष्टीने ही पुन्हा भूलच, फक्त लांबलेली. वेळेचा अंदाज हवा असेल तर ८ जीबी मेमरी पूर्ण भरलेली आहे आणि डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहिते असं धरा; लिहून व्हायला ४० सेकंद लागतील.

झाकण लावल्यावर काय होतं, याचं उत्तर आता देता येतं. झोपतो तो होस्ट. त्याच्याबरोबर गेस्टही थांबतो, पण बहुधा त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

४. भूल उतरल्यावर घड्याळ

भुलेचा पहिला फटका घड्याळाला बसतो. गेस्टला दुपारी १ वाजता थांबवलं आणि २ वाजता पुन्हा चालू केलं, तर त्याच्या लेखी अजून १ वाजून काही क्षणच झालेले असतात. "इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळेल की," असं आपण म्हणतो. जुळते, पण कशी ते पाहण्यासारखं आहे.

लिनक्सवर घड्याळ जुळवण्याचं काम आजकाल बऱ्याच ठिकाणी क्रोनी नावाचा प्रोग्राम करतो. घड्याळ एकदम पुढे ढकललं तर चालू प्रोग्राम गोंधळतात, म्हणून तो घड्याळाची चाल किंचित वाढवून फरक हळूहळू भरून काढतो. अनेक वितरणांत त्याची नेहमीची मांडणी अशी असते की सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन मोजण्यांतच एकदम उडी मारायची परवानगी. त्यानंतर फक्त हळू चाल. आपला गेस्ट तर सकाळपासून चालू आहे, म्हणजे त्या तीन मोजण्या कधीच संपल्या. क्रोनीची कमाल चाल म्हणजे दर १२ सेकंदांमागे १ सेकंद भरून काढणे. एका तासाचे ३६०० सेकंद. ३६०० गुणिले १२ म्हणजे ४३,२०० सेकंद, म्हणजेच १२ तास. जेवणाच्या सुटीत थांबवलेल्या मशीनचं घड्याळ रात्री २ वाजता जागेवर येणार! जुना एनटीपीडी आणखी हट्टी. फरक १००० सेकंदांहून जास्त दिसला की काहीतरी भयंकर घडलंय असं समजून तो कामच सोडून देतो.

मधल्या काळात काय बिघडतं? ऑफिसच्या जाळ्यात लॉगिनसाठी वापरलं जाणारं कर्बरॉस सहसा ५ मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. सामायिक फोल्डरमधल्या फाइलींच्या वेळा "भविष्यातल्या" दिसतात आणि प्रोग्राम बांधणारी साधनं कुरकुर करतात. सगळ्यात वाईट प्रकार डेटाबेसच्या जोडगोळीत होतो. दोन सर्व्हरपैकी मुख्य असलेल्याला भूल दिली गेली, उत्तर येईना म्हणून दुसऱ्याने मुख्यपद घेतलं. तासाभराने पहिला उठतो आणि अजून आपणच मुख्य आहोत अशा थाटात लिहायला लागतो.

उपाय साधे आहेत. गेस्टमध्ये हायपरवायझरचा मदतनीस प्रोग्राम बसवावा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याला गेस्ट अ‍ॅडिशन्स म्हणतात, व्हीएमवेअरमध्ये टूल्स, क्यूएमूमध्ये गेस्ट एजंट. व्हर्च्युअलबॉक्सचा मदतनीस फरक २० मिनिटांहून जास्त असला की घड्याळ सरळ उडी मारून जुळवतो. लिबव्हर्टमध्ये गेस्टला शुद्धीवर आणल्यावर एजंटमार्फत वेळ बसवण्याचा वेगळा हुकूम आहे. तो आपण द्यावा लागतो, आणि लोक विसरतात ते नेमकं हेच. किंवा क्रोनीलाच सांगून ठेवावं की उडी केव्हाही मारली तरी चालेल. वारंवार पॉज होणाऱ्या व्हीएममध्ये मी हाच मार्ग पसंत करेन.

५. गेस्ट स्वतःहून झोपतो तेव्हा

आता उलटी बाजू. काही वेळ कोणी हात लावला नाही तर झोपायचं, अशी सवय विंडोज व्हीएममध्येही सोडत नाही. हायपरवायझरने एस-३ ची सोय दाखवली असेल तर ते खुशाल एस-३ मध्ये जातं. वीज वाचवण्यासाठी हा खटाटोप. पण इथे वाचणारी वीज नगण्य, कारण निष्क्रिय गेस्ट तसाही होस्टचा प्रोसेसर फारसा खात नाही. आणि मेमरी? एस-३ म्हणजे मेमरी जिवंत ठेवणे, त्यामुळे होस्टची तितकी मेमरी अडकून पडते ती पडतेच. फायदा जवळपास शून्य.

तोटा मात्र ठसठशीत. खऱ्या लॅपटॉपला उठवायला झाकण उघडता येतं. दूरच्या सर्व्हरवरच्या व्हीएमला झाकण नसतं, आणि तुम्ही नेटवर्कवरून जोडू पाहता तर त्याचं नेटवर्क कार्डच झोपलेलं. मॉनिटरिंगवर लाल दिवा लागतो, फोन येतात, कोणीतरी घाईघाईने व्हीएम जबरदस्तीने बंद करून चालू करतो आणि न जतन केलेलं काम जातं. खरं तर लिबव्हर्टमध्ये अशा व्हीएमची अवस्था "पीएम-सस्पेंडेड" अशी वेगळी दिसते, आणि त्याला उठवायचा वेगळा हुकूमही आहे. पॉजवरून पुढे चालू करायचा हुकूम इथे कामाचा नाही. उठल्यावरही आभासी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नीट सावरला नाही तर पडदा काळाच राहतो, आत सगळं ठीक चाललेलं असूनही.

म्हणून लिनक्सवरची व्हीएम बनवण्याची साधनं नव्या व्हीएममध्ये एस-३ आणि एस-४ दोन्ही बंद करूनच देतात. गेस्टला ती सोय दिसतच नाही, मग तो झोपणार कुठून? तुमच्या व्हीएममध्ये ती चालू असेल तर एकतर तिथे बंद करा, नाहीतर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन झोपेची वेळ "कधीच नाही" वर ठेवा. पडदा बंद होऊ दिला तरी हरकत नाही.

या झोपेला एक गुण आहे, तोही सांगायला हवा. गेस्ट स्वतः झोपला असल्यामुळे उठल्याबरोबर तो आभासी घड्याळाच्या चिपकडे पाहून वेळ बरोबर लावतो. आधीच्या भागातला बारा तासांचा घोळ इथे होत नाही.

६. हायबरनेशन: आतून लिहिलेली मेमरी

गेस्टने स्वतः एस-४ घेणं ही या विषयातली सगळ्यात नाजूक आणि मला विचाराल तर सगळ्यात रंजक गोष्ट. लिनक्स गेस्टमध्ये ती कशी घडते ते जवळून पाहू.

कर्नेल आधी सगळे प्रोग्राम गोठवतो. मग ड्रायव्हर शांत करतो. आता मेमरी डिस्कवर लिहायची, पण इथे एक पेच येतो: लिहिण्याचं काम करणारा कर्नेल त्याच मेमरीत राहतो, आणि लिहिता लिहिता ती बदलत जाते. म्हणून तो आधी मेमरीची एक स्थिर प्रत मेमरीतच रिकाम्या जागेत काढतो, आणि मग ती प्रत सवडीने डिस्कवर उतरवतो. प्रत मेमरीतच काढायची म्हणजे निदान निम्मी मेमरी मोकळी हवी. नसेल तर कर्नेल आधी ती मोकळी करून घेतो. प्रतीचा आकार मेमरीच्या सुमारे दोन पंचमांशात बसवायचा त्याचा प्रयत्न असतो. ८ जीबीच्या व्हीएममध्ये हा आकडा ३.२ जीबी होतो. गंमत अशी की विंडोजही आपल्या हायबरनेशनच्या फाइलीला मेमरीच्या ४० टक्के, म्हणजे तितकीच, जागा देतं.

लिनक्समध्ये ही प्रत स्वॅपच्या, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या राखीव, जागेत जाते. व्हीएम बनवताना बऱ्याचदा स्वॅप एकतर ठेवत नाहीत, किंवा मेमरीतच दाबून बसवलेला झेडरॅम प्रकारचा ठेवतात. मेमरी मेमरीतच वाचवून यंत्र बंद केलं तर उरणार काय? म्हणून अशा वेळी हायबरनेशनला सरळ नकार मिळतो. "हायबरनेट होत नाही" या तक्रारीमागे खूपदा एवढंच असतं.

प्रत लिहून झाली की स्वॅपच्या सुरुवातीला एक खूण ठेवली जाते आणि गेस्ट बंद होतो. पुन्हा चालू केल्यावर तो अगदी नेहमीसारखा बूट होतो. नवा कर्नेल सुरू होतो, स्वॅपवरची खूण पाहतो, जुनी मेमरी वाचून आणतो, आणि स्वतःला पुसून जुन्या कर्नेलच्या हाती कारभार देतो. हे सगळं गेस्टच्या आतलं. होस्टच्या यादीत मधल्या काळात त्या व्हीएमपुढे "बंद" एवढंच लिहिलेलं असतं.

भुलेत होस्टला ठाऊक होतं आणि गेस्टला नव्हतं. इथे नेमकं उलट. होस्ट सांभाळणाऱ्याला व्हीएम बंद दिसतं, म्हणून त्याची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून एखादी फाइल काढून घ्यायला तो मोकळा होतो. डिस्कवर झोपलेल्या कर्नेलच्या डोक्यात मात्र फाइल सिस्टीमचा जुना नकाशा पक्का असतो. दुसऱ्याने मधेच डिस्कवर काही लिहिलं, आणि मग हा उठून जुन्या नकाशाप्रमाणे लिहू लागला, की डेटाची वाट लागते. "मी फक्त वाचण्यासाठी जोडली होती" हेही पुरेसं नाही. ईएक्सटी-४ सारखी फाइल सिस्टीम अर्धवट राहिलेली नोंदवही पूर्ण करायला वाचण्यापुरत्या जोडणीतही डिस्कवर लिहू शकते. डिस्कचा जुना स्नॅपशॉट, म्हणजे आधी टिपून ठेवलेली अवस्था, मधेच परत आणणं हाही त्याच धोक्याचा दुसरा अवतार.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, यात एक छुपी भर पडली. "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर "शट डाउन" म्हटल्यावरही विंडोज आपला गाभा हायबरनेट करून ठेवतं. बंद केलेल्या व्हीएमची डिस्क लिनक्सला जोडली आणि लिनक्सने लिहायला नकार दिला, तर हे कारण आधी तपासा. व्हीएमचा साचा बनवून त्याच्या प्रती काढणाऱ्यांनी तर हायबरनेशन आधी बंदच करावं. मग फास्ट स्टार्टअपही आपोआप जातो.

मेमरीचा आकारही मधे बदलू नये. तो बदललेला दिसला तर लिनक्स जुनी प्रत टाकून देतो आणि कोरा बूट होतो.

७. मग वापरायचं काय?

होस्ट रीस्टार्ट करायचा आहे आणि आतले गेस्ट जसेच्या तसे परत हवेत, तर होस्टकडून सेव्ह हा माझा पहिला पर्याय. गेस्टचं सहकार्य लागत नाही, ड्रायव्हरची कटकट नाही, आणि लिनक्स होस्ट बंद होताना सगळे गेस्ट आपोआप सेव्ह करण्याची सोय आहे. घड्याळाची काळजी घेतली की झालं.

एका ठिकाणी मात्र हा मार्ग बंद होतो. खरं ग्राफिक्स कार्ड थेट गेस्टच्या ताब्यात दिलं असेल तर त्या कार्डाच्या पोटात काय चाललंय हे हायपरवायझरला वाचता येत नाही, आणि बहुतेक वेळा तो सेव्ह करायला नकार देतो. अशा वेळी गेस्टचं स्वतःचं हायबरनेशन उपयोगी पडतं, कारण कार्डाची भाषा येणारा ड्रायव्हर गेस्टमध्येच असतो.

क्लाउडवाल्यांनी दोन वाटा काढल्या. अ‍ॅमेझॉनच्या ईसी-२ ने नोव्हेंबर २०१८ मध्ये हायबरनेशन आणलं. तिथे मेमरी लिहिण्याचं काम गेस्ट स्वतः करतो, मूळ डिस्क कूटबद्ध असावीच लागते, आणि ६० दिवसांहून जास्त काळ मशीन असं ठेवता येत नाही. गूगलच्या क्लाउडमध्ये सस्पेंड म्हटलं की गेस्टला एसीपीआयचा एस-३ इशारा जातो आणि त्याची मेमरी गूगल स्वतः सांभाळून ठेवतं. मुदत तिथेही ६० दिवसांचीच. झोपलेल्या काळात प्रोसेसरचं भाडं थांबतं, साठवणुकीचं चालू राहतं. गूगलची रीत मला जास्त पटते, कारण तिथे थांबल्याचं गेस्टलाही कळतं आणि होस्टलाही.

डिस्क कूटबद्ध असण्याची अट उगाच नाही. मेमरीत पासवर्ड असतात, उघडलेल्या फाइली असतात, खुद्द डिस्कच्या कुलपाची किल्लीही असते. गेस्टने आपली डिस्क कितीही पक्की कूटबद्ध केली असली, तरी होस्टने सेव्ह केलेल्या फाइलीत ती किल्ली उघडी पडते. ती फाइल कुठे ठेवलीय आणि ती कोणाला वाचता येते, हे एकदा जरूर तपासा.

आणि एकच जतन केलेली मेमरी दोनदा उठवली तर? दोन जुळे गेस्ट आपण एकटेच आहोत असं समजून तेच "यादृच्छिक" आकडे पुन्हा काढू शकतात, आणि त्या आकड्यांवरच तर गुप्ततेची सगळी भिस्त असते. यावर विंडोज सर्व्हर २०१२ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने व्हीएम जनरेशन आयडी नावाची तोड काढली. स्नॅपशॉट परत आणला किंवा प्रत काढली की हायपरवायझर हा क्रमांक बदलतो, आणि तो बदललेला पाहून गेस्टला कळतं की आपण काळात मागे आलोय. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर २०२२ च्या ५.१८ आवृत्तीपासून आहे.

गेस्टच्या झोपेवर विसंबायचं ठरवलंच असेल, तर खऱ्या कामाच्या आधी लिनक्सची रंगीत तालीम वापरून पाहा. कर्नेलमध्ये "पीएम टेस्ट" ही सोय असली तर झोपेची प्रक्रिया पायरीपायरीने करून पाहता येते: आधी फक्त प्रोग्राम गोठवायचे, मग ड्रायव्हरही, मग प्रोसेसरही. दर वेळी गेस्ट ठरलेल्या पायरीपर्यंत जातो, पाच सेकंद थांबतो आणि मागे फिरतो. ज्या पायरीवरून तो परत येत नाही, तिथला ड्रायव्हर आधी पकडा. व्हीएममध्ये तो बहुधा ग्राफिक्सचा निघतो, नाहीतर होस्टबरोबर फोल्डर वाटून घेणारा.